जाधवांसाठी उघडलेलं दार तांबेंसाठी बंद का?

‘हेगचं न्यायालय म्हणजे बड्या देशांचं नाटक. पुतिन तिथे जाणार नाहीत, नेतान्याहू जाणार नाहीत. सापडतो तो आफ्रिकेतला एखादा टोळीप्रमुख. भारताने त्या फंदात पडू नये.’ बंगळूरुजवळच्या बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, लातूरकडून आलेली आम्ही बरीच मराठी मंडळी कामाला आहोत. युक्रेन आणि गाझाच्या बातम्या सुरू झाल्यापासून पाळी सुटल्यावरच्या चहाला हे मत मी पुन्हा पुन्हा ऐकत आलो आहे. बोलणारी माणसं विचारी आहेत, आणि दिल्लीचं धोरणही जवळपास याच मताचं आहे. म्हणून त्याचं खंडन नीट करायला हवं. माझ्या मते हे मत चुकीचं आहे आणि त्याची किंमत आपल्याच माणसांनी मोजली आहे.

या मताच्या पाठीशी न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचं नाव उभं केलं जातं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तोक्योच्या खटल्यात सगळ्या जपानी आरोपींना निर्दोष ठरवणारं त्यांचं भिन्न निकालपत्र आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं, वाचलं मात्र फार कमी जातं. जपानी सैन्याने कैद्यांवर आणि नागरिकांवर अत्याचार केले याचा पुरावा भरभक्कम असल्याचं पालांनी स्वच्छ मान्य केलं होतं. त्यांचा आक्षेप वेगळा होता. युद्ध पुकारणं हा गुन्हा ठरवणारा कायदा आधी अस्तित्वात नव्हता. जेत्यांनी तो मागाहून लावला आणि अणुबॉम्बचा निर्णय घेणाऱ्यांना मात्र कोणी जाब विचारला नाही. हा आक्षेप मला पूर्ण पटतो. त्यावर उपाय एकच: आधी लिहिलेला आणि सर्वांना सारखा लागू असणारा कायदा. हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणारा, 17 जुलै 1998 रोजी रोममध्ये झालेला करार त्याच दिशेने टाकलेलं पाऊल होतं. तो 1 जुलै 2002 पासून लागू झाला आणि त्या तारखेआधीचा एकही गुन्हा त्याच्या कक्षेत येत नाही. रोमच्या मतदानात बाजूने 120 देश, विरोधात 7, तटस्थ 21. तटस्थांत भारत होता. पालांचं नाव घेऊन या न्यायालयाकडे पाठ फिरवणं हा पालांवरचा अन्याय आहे.

बडे सुटतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुतिन यांच्यावर मार्च 2023 मध्ये वॉरंट निघालं; सप्टेंबर 2024 मध्ये ते मंगोलियाला जाऊन आले. मंगोलिया या न्यायालयाचा सदस्य आहे. नेतान्याहूंवर नोव्हेंबर 2024 मध्ये वॉरंट निघालं आणि एप्रिल 2025 मध्ये हंगेरीने त्यांचं स्वागत केलं. अमेरिकेने तर न्यायालयाच्या अभियोक्त्यावर आणि न्यायाधीशांवर निर्बंध लादले. या न्यायालयाकडे स्वतःचा एक शिपाईही नाही. अटक करायची ती सदस्य देशांनी. हे सगळं खरं आहे आणि संतापजनक आहे. पण म्हणून आंतरराष्ट्रीय न्यायाची पाटी कोरी आहे असं म्हणता येत नाही. स्रेब्रेनित्साच्या कत्तलीनंतर सोळा वर्षं लपलेला बोस्नियन सर्ब सेनापती म्लादिच सापडला आणि हेगमधल्याच दुसऱ्या, युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाकडून 2017 मध्ये जन्मठेपेला गेला. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मार्च 2025 मध्ये स्वतःच्या देशातून हेगला नेले गेले. सुदानमधल्या दार्फूरचं प्रकरण 2005 साली फौजदारी न्यायालयाकडे आलं आणि पहिली व्यक्ती दोषी ठरायला ऑक्टोबर 2025 उजाडलं. वीस वर्षं! उशीर भयानक आहे, पण जे वाचले त्यांच्या साक्षी नोंदल्या गेल्या आणि निकाल लागला. आपल्या खालच्या कोर्टांत वीस वर्षं चालणारे दावे आपण पाहतो. म्हणून कोर्टंच नकोत असं कोणी म्हणत नाही.

भारताचा अधिकृत आक्षेप सुरक्षा परिषदेवर आहे. रोम कराराने या परिषदेला प्रकरणं न्यायालयाकडे पाठवण्याचा आणि थांबवण्याचा अधिकार दिला. ज्या परिषदेतले पाच देश नकाराधिकार बाळगतात आणि त्यांतले काही स्वतः या न्यायालयात यायला तयार नाहीत, तिच्या हाती ही किल्ली का, असा प्रश्न भारताने रोममध्ये विचारला. प्रश्न रास्त होता. मग 26 फेब्रुवारी 2011 रोजी काय झालं? परिषदेचा अस्थायी सदस्य असलेल्या भारताने लिबियाचं प्रकरण याच किल्लीने हेगला पाठवण्याच्या ठरावाला होकार दिला. लिबियाही रोम कराराबाहेरच होता. जी सत्ता आपल्यावर चालवून घ्यायची नाही ती दुसऱ्यावर चालवायला हात वर करायचा, याला तत्त्व म्हणता येणार नाही.

‘शांतता हवी तर खटले सोडा’ हा युक्तिवाद आपण स्वतः करून पाहिला आहे. 1971 च्या युद्धात बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण जमालपूरला लढली. सुमारे 93 हजार पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात आले आणि त्यांतल्या 195 जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचं बांगलादेशाने जाहीर केलं. तिकडे पाकिस्तानात अडकलेले बंगाली ओलीस होते, आणि बांगलादेशाचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश चीनने अडवला होता. 9 एप्रिल 1974 रोजी दिल्लीत तिन्ही देशांच्या सह्या झाल्या आणि ते 195 जण घरी गेले. पाकिस्तानच्याच हमूदूर रहमान आयोगाने खटले भरायची शिफारस केली होती. एकाही बड्या अधिकाऱ्यावर खटला चालला नाही. बांगलादेशाने 2010 साली न्यायाधिकरण नेमलं तेव्हा समोर उरले होते ते स्थानिक साथीदार. त्याच न्यायाधिकरणाने 17 नोव्हेंबर 2025 रोजी, ते नेमणाऱ्या शेख हसीना यांनाच त्यांच्या गैरहजेरीत फाशी सुनावली. वेळेवर न झालेला न्याय पुढे सत्तेच्या भांडणातलं हत्यार होतो, याचं याहून जवळचं उदाहरण आपल्याला मिळणार नाही.

त्याच युद्धातलं एक मराठी नाव आहे: फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. डिसेंबर 1971 च्या पहिल्याच आठवड्यात त्यांचं विमान पाकिस्तानात पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांचं नाव, थोडं चुकीचं लिहिलेलं, पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आलं. पुढे कैद्यांची देवाणघेवाण झाली तेव्हा ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. परत न आलेल्या अशा 54 जणांच्या घरच्यांबरोबर त्या अनेक दशकं सरकारदरबारी खेटे घालत राहिल्या. 2007 साली नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग दाखवण्यात आले. कोणी सापडलं नाही. आपल्याकडे असा एकही कैदी नाही, हे पाकिस्तानचं म्हणणं आजही कायम आहे. लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांना विनाविलंब सोडावं, असं तिसऱ्या जिनिव्हा कराराचं 118वं कलम सांगतं. हा करार दोन्ही देशांवर बंधनकारक आहे. तरी खरं काय ते ठरवणारा त्रयस्थ कोणी आजवर या प्रकरणात आलेला नाही.

का आला नाही? गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर 2011 मध्ये केंद्राला हा विषय आंतरराष्ट्रीय न्यायालयात, म्हणजे व्यक्तींवरचे खटले नव्हे तर देशादेशांतले वाद ऐकणाऱ्या हेगमधल्याच दुसऱ्या न्यायालयात, न्यायला सांगितलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अडचण अशी की, राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद या न्यायालयाच्या कक्षेबाहेर, असा अपवाद भारताने स्वतःच करून ठेवला आहे. 1999 साली पाकिस्तानी नौदलाचं विमान आपण पाडलं आणि पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा याच अपवादाने आपल्याला वाचवलं; जून 2000 मध्ये दावा बाहेरच्या बाहेर फेटाळला गेला. पण ढाल दोघांना सारखीच वापरता येते. तांबेंसाठी आपण गेलो तर पाकिस्तान तीच पुढे करणार.

आता कुलभूषण जाधव यांचं प्रकरण आठवा. नौदलातून निवृत्त झालेल्या या मराठी अधिकाऱ्याला पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये फाशी सुनावली. मे महिन्यात भारत हेगच्या याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, नागपूरच्या हरीश साळव्यांनी बाजू मांडली आणि दहाच दिवसांत फाशीला स्थगिती मिळाली. 17 जुलै 2019 रोजी पंधरा विरुद्ध एक मताने निकाल आपल्या बाजूने लागला. जाधव सुटले नाहीत, पण फाशी थांबली. हे झालं कारण परदेशी कैद्याला आपल्या वकिलातीशी संपर्क साधू देण्याच्या व्हिएन्ना कराराला एक जोड-करार आहे आणि त्यावर दोन्ही देशांनी आधीच सह्या केल्या होत्या. तिथे राष्ट्रकुलाचा अपवाद आड आला नाही. हेगच्या न्यायाला नाटक म्हणणाऱ्यांनी त्या संध्याकाळी पेढे वाटले होते, हे मी बोम्मसंद्र्यातच पाहिलं आहे.

माझं मंडन याच प्रकरणावर उभं आहे. जिथे आपण आधी सही केली तिथे आपल्या माणसाला न्याय मागता आला. जिथे दार लावून घेतलं तिथे पन्नासहून अधिक वर्षं उत्तर मिळालं नाही. रोम करारावर आज सही केली तरी 1971 चा खटला चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुढच्या युद्धातल्या तांबेंसाठी तरी दार उघडं हवं. याच बंगळूरुत दुसऱ्या महायुद्धात हजारो इटालियन युद्धकैदी होते, युद्ध संपल्यावर ते मायदेशी गेले. शत्रूचे कैदी परत पाठवण्याची परंपरा असलेल्या देशाला कुणाच्या तपासाची भीती का वाटावी?

‘आपली न्यायालयं समर्थ आहेत’ हे शेवटचं उत्तर असतं. न्यायालयं समर्थ आहेत. त्यांच्या हाती कायदा नाही. 1960 चा जिनिव्हा करार कायदा आहे, पण सरकारने तक्रार केल्याशिवाय न्यायालयाला दखल घेता येत नाही. 1969 साली गोव्याच्या रेव्हरंड मोंतेरो यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा कायदा कोणालाही न्यायालयात येण्याचा खास हक्क देत नाही. सज्जन कुमार खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2018 रोजी स्पष्ट लिहिलं की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पोकळी तातडीने भरायला हवी. त्यानंतर संपूर्ण दंडविधान नव्याने लिहिलं गेलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती पोकळी तशीच आहे. रोम कराराने उभं केलेलं न्यायालय देशातली यंत्रणा न्याय करत नसेल तेव्हाच हात घालतं. आपला कायदा पुरा असेल तर सार्वभौमत्वाला धक्का लागायचं कारणच नाही.

बोम्मसंद्रा आनेकल तालुक्यात येतं आणि आमचं मत बंगळूरु ग्रामीणच्या खासदाराला जातं; तुमचा खासदार साताऱ्याचा असेल, बेळगावचा असेल नाहीतर उत्तर गोव्याचा. संसदेच्या पुढच्या अधिवेशनाआधी त्यांना एक पत्र लिहा आणि दोनच गोष्टी विचारा: जिनिव्हा करारांपुरता तरी राष्ट्रकुलाचा अपवाद सरकार कधी उठवणार, आणि युद्धगुन्हे न्याय संहितेत कधी येणार?