शिधा दिला, शिजवणार कोण?

सरकार गरिबाला धान्य फुकट देते, मग तक्रार कसली, असा सवाल सुखवस्तू मंडळी हल्ली मोठ्या तोऱ्यात विचारीत असतात. त्यांच्यापुढे आम्ही एक साधा हिशेब मांडतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. मुंबईच्या झोपडपट्टीत राहून, चार घरची धुणीभांडी करून दोन लेकरे एकटीने वाढवणाऱ्या बाईच्या वाट्याला याप्रमाणे महिन्याला १५ किलो, म्हणजे तिघांत मिळून दिवसाला अर्धा किलो धान्य येते. हा आधार मोठा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नुसत्या धान्याने ताट भरते काय? डाळ, तेल, मीठमिरची, भाजीपाला आणि गॅस यांचे पैसे तिलाच मोजावे लागतात.

या सर्वांहून महाग अशी एक वस्तू आहे आणि ती कोणत्याही शिधापत्रिकेवर मिळत नाही. ती म्हणजे वेळ! जेथे कमावणारा आणि रांधणारा हात एकच, तेथे रेशनच्या दुकानात अंगठा उमटवण्यात गेलेली सकाळ म्हणजे कामावरचा खाडा. पहाटे उठून तिने शिजवावे, पोरांनी दुपारी ते गार खावे आणि रात्री उरलेसुरले तिने पोटात ढकलावे! याला संसार म्हणावयाचा की कसरत?

म्हणूनच शाळेत मिळणारा शिजवलेला घास अशा घराला लाखमोलाचा वाटतो. प्राथमिक शाळांतून मुलांना शिजवलेले अन्नच द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी राज्यांना बजावले. त्या आदेशातील शहाणपण या माऊलीला कोणी समजावून सांगावयास नको. मात्र हा आहार आठवीपर्यंतच आहे. नववीत पाऊल टाकताच, वाढीच्या ऐन वयात, पोराला पंगतीतून उठवले जाते! शिवाय मे महिन्यात शाळेला कुलूप लागले की दुपारचे जेवणही बंद. शाळेला सुट्टी असते. पोटाला असते काय? दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही हा आहार द्यावा, असा आदेश त्याच न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता. परंतु ज्या घरी कमावती बाई एकटीच आहे, त्या घरचा दुष्काळ पाऊस पडल्याने हटत नाही.

तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू केली. सुधारणेचा वारसा अभिमानाने मिरवणाऱ्या महाराष्ट्राने याबाबतीत मागे का राहावे?

आमची मागणी स्पष्ट आहे. शालेय आहार दहावीपर्यंत वाढवा; सुट्टीतही तो चालू ठेवा; आणि राबणाऱ्या बाईला शिधा घेता यावा म्हणून रेशनची दुकाने संध्याकाळी उशिरापर्यंत आणि रविवारीही उघडी ठेवा. खर्च कोठून आणावयाचा, हे विचारणाऱ्यांनी आधी एवढेच सांगावे, की आज तो खर्च कोण सोसते आहे? तो सोसते ती उपाशी निजणारी आई! अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या समाजाने तिच्या उपवासावर आपले अंदाजपत्रक तोलून धरू नये.