गरम पाण्याच्या कुंडावर जाताना

गड्ड्याची यात्रा आटोपली की आपल्याकडे बाहेरगावी जाण्याचे बेत सुरू होतात. मागच्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक पत्नीसह दवाखान्यात आले. बाईंचे गुडघे दुखतात. स्वतः मास्तरांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. पुण्याच्या मुलाने आई-वडिलांना कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याजवळ चार दिवस पाठवायचे ठरवले होते. त्याने मोबाईलवर तीन हॉटेलांची छायाचित्रे पाठवली होती. "डॉक्टरसाहेब, यातलं कुठलं घेऊ?" मास्तरांनी विचारले. मी म्हणालो, "हॉटेल राहू द्या. तिथलं पाणी किती अंश आहे?" ते त्यांना ठाऊक नव्हते आणि मुलालाही ठाऊक नव्हते.

सांगायचा मुद्दा हाच आहे. खोली वातानुकूलित आहे का, जेवण कसे आहे, याची आपण बारकाईने चौकशी करतो. ज्या पाण्यासाठी जायचे, त्याची मात्र करीत नाही.

आपल्या महाराष्ट्रात असे झरे पुष्कळ आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, संगमेश्वरजवळचे तुरळ आणि राजवाडी, राजापूरचे उन्हाळे, जळगाव जिल्ह्यातले उनपदेव, नांदेड जिल्ह्यातले उनकेश्वर. बहुतेक नावांतच 'ऊन' आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. त्याचा ज्वालामुखीशी संबंध नाही. सर्व ठिकाणी ते सारखे तापलेले नसते. कुठे ते कोमट असते, तर कुठे साठ अंशांच्या पुढे जाते. एकाच ठिकाणच्या दोन कुंडांतही फरक असतो.

साठ अंशांच्या पाण्यात मोठ्या माणसाची कातडी पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजते. धडधाकट माणूस पाय लगेच मागे घेतो. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे चटका बसल्याचे कळतच नाही. माझे एक रुग्ण काही वर्षांपूर्वी असेच एका कुंडात पाय सोडून बसले. "बरं वाटत होतं," असे ते नंतर म्हणाले. परतल्यावर पायावर फोड आले, जखम चिघळली आणि शेवटी दोन बोटे काढावी लागली. कुंडाचे पाणी वाईट नव्हते. त्यांच्या पायाला ते कळत नव्हते, एवढेच.

मग गरम पाण्याचा उपयोग नाही का? जरूर आहे. सोसवेल अशा गरम पाण्याने स्नायू सैल पडतात, गुडघ्यांना व कंबरेला काही काळ आराम मिळतो, झोप चांगली लागते. परंतु त्याने संधिवात मुळातून जात नाही. कातडीच्या रोगांवर गंधकाचे पाणी रामबाण आहे, ही समजूतही सोडली पाहिजे. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्यासाठी कुंडावर महिने घालवू नयेत.

जपानी लोकांना या स्नानाची मोठी हौस. तिथे झऱ्याकाठी 'ओन्सेन' नावाची स्नानगृहे व निवासगृहे गावोगावी आहेत. तिथे पाणी साधारण चाळीस-बेचाळीस अंशांवर ठेवतात. आधी साबणाने अंग धुतल्याशिवाय कुंडात उतरायचे नाही, असा शिरस्ता आहे. 1948 साली तिथे यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पाण्यात कोणती द्रव्ये आहेत आणि ते कोणी वर्ज्य करावे, याची पाटी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. एवढे असूनही वृद्ध माणसे गरम पाण्यात बसून दगावण्याचे प्रकार तिथे घडतात. आपल्याकडे मी पाहिलेल्या कुंडांवर देवाची आणि देणगीची पाटी होती, तापमानाची नव्हती. ग्रामपंचायत, देवस्थान आणि हॉटेलवाले यांनी मिळून ती लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तापमापक आणि एक रंगवलेला पत्रा एवढाच त्याला खर्च आहे.

तोवर आपण काय करावे? खोली ठरवण्यापूर्वी पाण्याचे तापमान, ते गार पाणी मिसळून मिळते का आणि कुंड किती वेळा उपसून साफ करतात, हे विचारा. उतरण्याच्या पायऱ्यांना कठडा आहे का आणि जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, हेही विचारा. पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नका, कोपराने घ्या. मधुमेह्यांनी तो निरोगी सोबत्याकडून घ्यावा. दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. गरम पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात व रक्तदाब उतरतो, म्हणून झटकन उभे राहू नका. इन्शुलिन टोचून लगेच पाण्यात बसल्यास ते लवकर भिनते आणि साखर एकदम उतरू शकते. हृदयविकाराच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय, गरोदर स्त्रियांनी आणि दारू घेतलेल्यांनी मुळीच उतरू नये. डोके बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो. असे रुग्ण फार विरळा, पण केरळात 2024 आणि 2025 साली ते आढळले आणि काही दगावले. कातडीवर उघडी जखम असेल तर बाहेरूनच नमस्कार करावा.

मास्तरांच्या मुलाने मग तिन्ही ठिकाणी फोन केला. दोघांनी "पाणी एकदम कडक आहे साहेब" एवढेच अभिमानाने सांगितले. तिसऱ्याने सांगितले की न्हाणीघरात गार पाणी मिसळून देतो, कुंड मात्र फार तापलेले असते. ते हॉटेल तिघांत सर्वांत साधे होते. मास्तरांनी तेच घेतले. बाई न्हाणीघरात गुडघे शेकणार आहेत आणि मास्तर काठावर बसणार आहेत, पायांत चपला घालून.