कंपनीकडं वकील आहे, आपल्याकडं कोण?



पेरण्या उरकल्या, सोयाबीन दोन-तीन पानांवर आलं, की गावात दोन गोष्टी हमखास येतात. एक केसाळ अळी आणि दुसरी 'प्लॅन' दाखवणारी माणसं. अळीवर आपण भरपूर लिहितो. आज दुसऱ्या विषयावर लिहितो, कारण यंदा आमच्या भागात बचत गटाच्या बायकांचे पैसे यात जायला लागलेत.

पद्धत तुम्हाला माहीत आहे. भावकीतलाच कुणीतरी येतो, पाहुणाच असतो, त्यामुळं चहा दिल्याशिवाय सोडता येत नाही. बॅगेतून टॉनिकची बाटली काढतो. ह्युमिक, सीवीड, अमिनो, नाव काहीही. पंपाला 20 मिली टाका, फुटवा बघा. बाटलीचं बोलणं पाच मिनिटांत संपतं, नंतर तासभर आयडी, डाऊनलाइन आणि महिन्याला घरबसल्या किती पडतात ते. शेवटी मोबाईलवर फॉर्म उघडतो आणि म्हणतो, "काका, अंगठा लावा फक्त."

त्या फॉर्मवर मला बोलायचंय. तो करार असतो आणि तो वकिलानं लिहिलेला असतो. या धंद्याचा जन्म अमेरिकेतला. तिथं फक्त नेटवर्क मार्केटिंगचंच काम बघणाऱ्या वकिलांच्या फर्म आहेत. कमिशनचा प्लॅन कायद्यात कसा बसवायचा, वितरकाचा करार कसा लिहायचा, सरकारी चौकशी लागली तर काय उत्तर द्यायचं, हेच त्यांचं रोजचं काम. 1979 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं ॲमवे कंपनीला पिरॅमिड ठरवलं नाही. कारण कंपनीचे नियम होते: आधीच्या मालातला 70 टक्के विकल्याशिवाय नवा माल घ्यायचा नाही, महिन्याला 10 गिऱ्हाइकांना विक्री दाखवायची, आणि न खपलेला माल परत घ्यायचा. नियम लिहिलेले असले तर धंदा वाचतो, हे त्या निकालानंतर सगळ्यांनाच कळलं. पण नुसतं लिहून भागत नाही. 2016 मध्ये हर्बालाइफला त्याच कमिशनसोबतच्या तडजोडीत 20 कोटी डॉलर मोजावे लागले आणि पुढच्या वर्षी सुमारे साडेतीन लाख लोकांना त्यातून पैसे परत गेले.

आता आपल्याकडं या. आपल्याकडंही कायदा आहे, आणि तो बरा आहे. 1978 चा प्राइज चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा सांगतो की माणसं जोडून पैसा फिरवण्याची योजना चालवणं गुन्हा आहे. त्यात सभासद होणं, भाग घेणं हासुद्धा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे आज जो पुतण्या तुमचा आयडी काढतोय, योजना बोगस निघाली तर तोही कायद्याच्या कचाट्यात येतो. त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

त्यानंतर 28 डिसेंबर 2021 ला ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम आले. पिरॅमिड योजनेला बंदी. विक्रेत्यासोबत लेखी करार हवा. विक्रेत्याकडं ओळखपत्र हवं आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय त्यानं दारात यायचं नाही. कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी हवा. विक्रेत्यानं विकलेल्या मालाच्या तक्रारीला कंपनी जबाबदार. आणि नुसतं माणूस जोडल्याबद्दल पैसे द्यायचे नाहीत, प्रवेश फी घ्यायची नाही, हे तर केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांतच होतं.

मग अडतं कुठं? अडतं ते आपल्या मालापाशी. साबण, भांडी धुवायचं लिक्विड कुणीही विकावं. शेतीच्या निविष्ठेचं तसं नाही. खत विकायला खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणं परवाना लागतो. टॉनिक म्हणून जे खपतं त्यातलं बरंच जैव उत्तेजक या गटात पडतं, आणि तेही फेब्रुवारी 2021 पासून याच आदेशाखाली आलंय. कीटकनाशकाला 1968 च्या कायद्याप्रमाणं वेगळा परवाना. खाटेखाली बाटल्या ठेवून विकणाऱ्या पोराकडं यातलं काय असतं? उद्या गुणनियंत्रण निरीक्षक आला तर माल पोराच्या घरात सापडणार आणि गुन्हा पोरावर. कंपनीच्या करारात बहुधा एक ओळ असतेच की वितरक स्वतंत्र आहे आणि स्थानिक परवाने ही त्याची जबाबदारी. ती ओळ वकिलानं उगाच लिहिलेली नसते.

दुसरा फास अजून बारीक आहे. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये राष्ट्रीय बियाणं महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केलं. माल खराब निघाला तर ग्राहक आयोगात जाता येतं आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण 2019 च्या ग्राहक कायद्यात, पुन्हा विकायला माल घेणारा ग्राहक धरत नाहीत. बाटली घेताना तुम्ही शेतकरी असता, आयडी काढला की विक्रेता होता. स्वस्त पडतं म्हणून आयडीवर माल घेतला आणि प्लॉट जळाला, तर समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढणार.

आता हिशोब बघा. प्लॅनवाला म्हणतो, फक्त सहा जण जोडा. सहाचे 36, त्यांचे 216. पहिला माणूस धरून 259 झाले. 300 खातेदारांचं गाव तिसऱ्या पायरीलाच जवळपास संपलं. या 259 पैकी 216 जणांच्या खाली कुणीच नाही. त्यांनी घेतलेल्या मालातून वरच्यांचं कमिशन निघालं आणि बाटल्या त्यांच्या घरात. हे 216 कोण असतात? शेवटी शेवटी जोडलेले: बचत गटातल्या बायका, शेतमजूर, कोरडवाहूवाले.

काहीजण म्हणतील, दुकानदार काय कमी आहेत? युरियाच्या पोत्यामागं नको असलेली बाटली गळ्यात मारतातच की. खरं आहे, लिंकिंगवर मीही भांडलोय. पण दुकानदाराला परवाना आहे, पावतीपुस्तक आहे, तक्रार केली तर परवाना निलंबित होतो. ज्याच्याकडं परवानाच नाही त्याचं निलंबित काय करणार?

सगळी थेट विक्री फसवी, असं माझं म्हणणं नाही. नियम पाळून घरगुती वस्तू विकून चार पैसे कमावणाऱ्या बायका मला माहीत आहेत. माझं म्हणणं इतकंच, की शेतीची निविष्ठा या साखळीत येता कामा नये. पिकाची अवस्था परत येत नाही. फुलोऱ्यातला फवारा चुकला तर बाटलीचे पैसे परत मिळूनही हंगाम परत मिळत नाही.

म्हणून काही गोष्टी करा. विक्रेत्याकडं ओळखपत्र आणि परवान्याची प्रत मागा. पक्कं बिल मागा, त्यावर बॅच नंबर हवा. बिल नाही तर बाटली नाही, मग तो मेहुणा का असेना. फॉर्म मराठीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा, ओटीपी देऊ नका. अडकलाच असाल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करा, माल आणि बिल जपून ठेवा. घटना घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते.

आणि वकिलाचं. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. 1987 च्या कायद्याप्रमाणं महिलांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींनाही तसंच. फोन नंबर 15100. हे बचत गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्या हिशोबाला सीए नेमतात, तशाच चार-पाच कंपन्यांनी मिळून करार वाचून देणारा एक वकील का नेमू नये? बियाणं प्लॉटचे करार, खरेदीची हमी, हे प्लॅनवाले, सगळेच कागद घेऊन येतात. आपल्या बाजूनं तो कागद वाचणारा एक माणूस पाहिजे. या गणेशोत्सवाआधी आमच्या गटाच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. तुम्हीही तुमच्याकडं मांडा.