पॅकची किंमत किलोमीटरमध्ये सांगा

केंद्रीय अवजड उद्योग मंत्री आणि विजेच्या दुचाकी बनवणारे सर्व उत्पादक यांस,



विजेची स्वस्तातली स्कूटर घ्यायला निघालेला माणूस आधी हिशेब मांडतो. पेट्रोल शंभरीपार गेलं आहे. स्कूटर लिटरला ४५ किमी देते, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये पडतात. विजेवर तीन युनिटांत ८५-९० किमी होतात आणि घरचं युनिट दहा-बारा रुपयांनी धरलं, तर किलोमीटरला चाळीस पैशांच्या आसपास. ढोबळमानाने किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात. रोज २० किमी आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला १२ हजार. या बारा हजारांच्या भरवशावर तो पेट्रोलच्या गाडीपेक्षा महाग गाडीचं कर्ज काढतो.

मग शोरूममध्ये कोटेशन हातात येतं. जाहिरातीतली किंमत वरच्या ओळीत असते आणि तिच्याखाली सॉफ्टवेअर पॅक, वाढीव हमी, कधी जलद चार्जर. मूळ गाडीला लागू होणारा जीएसटी ५ टक्के, पण वाढीव हमीसारख्या सेवेवर १८. पंधरा हजारांच्या सेवा घेतल्या की १७,७०० रुपये होतात. किलोमीटरमागे दोन रुपये वाचवणाऱ्याला ते भरून काढायला ८,८५० किमी चालवावी लागते. म्हणजे जवळपास दीड वर्षाची बचत पॅकमध्येच गेली. कोटेशनवर हा आकडा कुठेच नसतो.

प्रत्येक गोष्ट वेगळी विकण्याला माझा विरोध नाही. रस्ता दाखवणारा नकाशा, स्क्रीनवरची गाणी, रंगीत थीम ज्याला नको त्याने त्याचे पैसे का द्यावेत? सुरुवातीची किंमत त्यामुळे खाली येते आणि एखाद्या डिलिव्हरीवाल्या मुलाला गाडी परवडते, हे चांगलंच आहे. प्रश्न आहे तो गाडीचंच अंग असलेल्या गोष्टी वेगळ्या काढण्याचा.

बजाजच्या चेतक अर्बनचं उदाहरण घ्या. २०२४ च्या आवृत्तीत साध्या गाडीचा कमाल वेग ताशी ६३ किमी आणि टेकपॅक नावाचा पॅक घेतला की ७३. बॅटरी तीच, मोटार तीच. हे उघड सांगून विकलं गेलं, त्यामुळे त्यात फसवणूक नाही. पण बाह्यवळणाच्या रस्त्यावर मागून ट्रक येत असताना हे दहा किलोमीटर चैनीचे नसतात. चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोयही माझ्या मते पॅकमध्ये असायला नको. कात्रजच्या घाटात कोंडीत मागे मुलाला बसवून थांबलेल्या बाईला तिची किती गरज असते, हे कुठल्याही अभियंत्याला सांगावं लागू नये. जी गोष्ट जिवाशी निगडित आहे आणि गाडीत बसवलेलीच आहे, तिला कुलूप लावून किल्ली विकू नका.

मंत्रिमहोदय, यात सरकारचाही वाटा आहे. विजेच्या वाहनांसाठीच्या केंद्राच्या फेम-२ योजनेत अनुदानासाठी दुचाकीच्या कारखाना किमतीची मर्यादा दीड लाख रुपये होती. गाडी त्या मर्यादेत बसावी म्हणून चार्जर आणि सॉफ्टवेअर बिलातून बाहेर काढलं गेलं. तुमच्याच मंत्रालयाने ते पकडलं आणि २०२३ मध्ये ओला, एथर, टीव्हीएस आणि हीरोची विडा यांनी ग्राहकांना पैसे परत करायचं मान्य केलं. मंत्रालयाने तेव्हा ठाम भूमिका घेतली, याबद्दल मनापासून आभार. पण त्याच वर्षी १ जूनपासून अनुदान किलोवॉट-तासाला १५ हजारांवरून १० हजारांवर आलं, पुढच्या योजनेत ते पाच हजारांवर गेलं. अनुदान आटलं तशी वरची किंमत आकर्षक ठेवण्याची कंपन्यांची निकडही वाढली. म्हणून वेगळ्या विक्रीची ही सवय आपोआप जाईल असं मला वाटत नाही.

बॅटरीच्या हमीचं सगळ्यात जास्त मनाला लागतं. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचा. मूळ हमी अनेकदा तीन वर्षांची, पुढची पाच वर्षं हवी असतील तर वेगळे पैसे. पण बचतीचं गणित तीन वर्षांत क्वचितच पूर्ण होतं. ते जमायला गाडी सहा-सात वर्षं चालावी लागते. उत्पादकहो, तुमचा तुमच्या बॅटरीवर आठ वर्षांचा विश्वास असेल, तर तो मूळ किमतीतच द्या. आणि गाडी विकली तर पॅक नव्या मालकाकडे जातो का, मुदत संपल्यावर कोणत्या सोयी बंद पडतात, हे बुकिंगच्या कागदावर मराठीत, ठळक छापा.

मागणी अवघड नाही. जाहिरातीत जी रेंज आणि जो वेग लिहिता, तो ज्या पॅकसह मिळतो त्या पॅकसकटची ऑन-रोड किंमत शेजारी त्याच आकाराच्या अक्षरात असू द्या. चार्जर किमतीतच धरा. प्रत्येक पॅकपुढे तो किती किलोमीटरच्या बचतीत वसूल होतो, ते लिहा. या हिशेबाचं प्रमाण ठरवून द्यायला पुण्यातली एआरएआय ही संस्था आहेच, वाहनांच्या चाचण्या ती करतेच. मंत्रालयाने अनुदानाला ही अट जोडावी आणि दसऱ्याची बुकिंग सुरू व्हायच्या आत तसं परिपत्रक काढावं.

कळावे,
पुण्यातील एक दुचाकीस्वार