अणुभट्टीची यादी वेळेवर, खलाशाची सुटका कधी? भारत-पाकिस्तान वादात पालघर का अडकतं?

दरवर्षी 1 जानेवारीला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना दोन याद्या देतात. एक अणुकेंद्रांची आणि दुसरी एकमेकांच्या तुरुंगात असलेल्या कैद्यांची. बातमी चार ओळींची असते. आपण ती स्क्रोल करून पुढे जातो.

पालघर जिल्ह्याचा मात्र या दोन्ही याद्यांशी थेट संबंध आहे. बोईसरपासून काही किलोमीटरवर तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आहे. आणि कैद्यांच्या यादीत डहाणू, तलासरी, पालघरकडचे खलाशी असतात. एक यादी तारापूरसारख्या केंद्रांना वाचवते. दुसरी खलाशांना घरी का आणू शकत नाही?

पहिली यादी काय करते?

31 डिसेंबर 1988 रोजी इस्लामाबादमध्ये दोन्ही देशांनी एक करार केला. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा तो करार. वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्याही त्यात येतात. 1991 मध्ये तो लागू झाला आणि 1 जानेवारी 1992 पासून यादीची देवाणघेवाण सुरू झाली.

मध्ये कारगिल झालं, 26/11 झालं, पुलवामा झालं. यादी एकदाही चुकली नाही. कारण सरळ आहे. अणुकेंद्रावर हल्ला झाला तर नुकसान दोघांचंही होईल, हे दोघांनाही कळतं.

आणि दुसरी?

कैद्यांची यादी 2008 च्या करारानुसार वर्षातून दोनदा दिली जाते, 1 जानेवारी आणि 1 जुलैला. 2025 च्या मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर'नंतर दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर होते. तरीही 1 जुलै 2025 ला यादी आली. तिच्यानुसार पाकिस्तानच्या ताब्यात 193 भारतीय मच्छीमार होते. भारताच्या ताब्यात 81 पाकिस्तानी मच्छीमार होते.

म्हणजे मोजणी दोन्हीकडे वेळेवर होते. अडतं ते सुटकेपाशी. शिक्षा पूर्ण झालेल्या 159 मच्छीमार आणि इतर भारतीय कैद्यांना लवकर सोडा, असं भारताला त्याच दिवशी पाकिस्तानला सांगावं लागलं. 2008 चा करार म्हणतो की शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्वाची खात्री झाली, की एका महिन्यात कैद्याला परत पाठवायचं.

पण हे लोक पकडले का जातात?

कारण समुद्रात सीमा आखलेलीच नाही. वादाचं मूळ आहे कच्छच्या रणातली सर क्रीक, सुमारे 96 किलोमीटर लांबीची दलदलीची खाडी. पाकिस्तान 1914 च्या एका ठरावाचा आधार घेऊन म्हणतो की सीमा खाडीच्या पूर्व काठावर आहे, म्हणजे अख्खी खाडी आमची. भारत म्हणतो की सीमा खाडीच्या मधोमध जाते.

खाडीच्या तोंडाशी सीमा कुठे संपते हेच ठरलेलं नाही. त्यामुळे तिथून पुढे समुद्रातली रेषाही ठरत नाही. तंटा काही किलोमीटर चिखलाचा दिसतो, पण त्यावर समुद्राचा मोठा पट्टा कोणाचा हे अवलंबून आहे. आणि सिंधू नदीच्या मुखाजवळचा हा भाग मासळीसाठी समृद्ध आहे. जाळं टाकलेली बोट वाऱ्याने किंवा प्रवाहाने थोडी सरकली, तरी ती दुसऱ्या देशाच्या गस्ती नौकेसमोर येऊ शकते.

सुरक्षा यंत्रणांचा संशयही अगदीच बिनबुडाचा नाही. 26/11 चे हल्लेखोर पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवूनच मुंबईपर्यंत आले होते. पण जाळी आणि बर्फ घेऊन निघालेल्या खलाशालाही त्याच नजरेने पाहिलं जातं.

पालघरचा माणूस तिथे कसा पोहोचतो?

पावसाळी मासेमारी बंदी संपली की इथले अनेक आदिवासी तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळकडे जातात. घरची शेती पावसाच्या भरवशावर, गावात बारमाही काम नाही. बोटीवर हंगामभराचा पगार ठरतो, अनेकदा थोडी उचलही मिळते. बोट कुठे न्यायची हे तांडेल ठरवतो, तोटा-नफा मालकाचा. खलाशाच्या हातात जाळ्याशिवाय काही नसतं.

पकडल्यावर सगळे कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. मग कागद फिरतात: पाकिस्तानकडून भारतीय उच्चायुक्तालय, तिथून दिल्ली, मग राज्य, जिल्हा, पोलीस ठाणं आणि तसंच उलट. बोट गुजरातची, माणूस महाराष्ट्राचा आणि तुरुंग पाकिस्तानचा. पाड्यावरच्या कुटुंबाला नेमकं कुठलं दार ठोठवायचं हेच कळत नाही.

किंमत कोण मोजतं?

6 नोव्हेंबर 2021 ला 'जलपरी' या बोटीवर पाकिस्तानी सागरी यंत्रणेने गोळीबार केला. त्यात पालघर जिल्ह्यातल्या वडराईचा मच्छीमार ठार झाला. मार्च 2024 मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका मच्छीमाराचा पाकिस्तानच्या कैदेत मृत्यू झाला. त्याचा मृतदेह घरी यायला महिन्याहून जास्त काळ गेला.

सुटका होते, पण राजकारणाच्या सोयीने. एप्रिल 2019 मध्ये पुलवामानंतरचा तणाव निवळावा म्हणून पाकिस्तानने 350 हून अधिक मच्छीमार सोडले. 2023 च्या मे-जूनमध्ये जवळपास 400 सोडले. फेब्रुवारी 2025 मध्ये फक्त 22. कायद्याने जो हक्क आहे, तो 'सदिच्छा' म्हणून हप्त्याहप्त्याने दिला जातो.

मग मार्ग काय?

त्यासाठी सर क्रीकचा वाद सुटायची वाट पाहायची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा सांगतो की देशाच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडले, तर दोन देशांत तसा करार असल्याशिवाय तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. या कायद्यावर भारत आणि पाकिस्तान दोघांची मान्यता आहे. प्रत्यक्षात दोन्ही देश एकमेकांच्या मच्छीमारांना तुरुंगातच टाकतात.

कैद्यांची प्रकरणं पाहण्यासाठी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिती होती. ती तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायची. 2013 नंतर तिची भेट झालेली नाही. ती पुन्हा सुरू करायला नकाशावर एकही रेघ ओढावी लागत नाही.

अणुभट्टीच्या बाबतीत दोन्ही देशांनी एक गोष्ट सिद्ध केली आहे. वैर कायम ठेवूनही काही गोष्टी वैराबाहेर ठेवता येतात. तारापूरसारख्या केंद्रांना 1991 पासून जे संरक्षण मिळालं, त्यातलं थोडंसं तारापूरच्या शेजारच्या पाड्यावरच्या माणसालाही मिळायला हवं. पुढची यादी येईल तेव्हा एकच आकडा बघा: शिक्षा संपूनही किती जण आत आहेत? तो शून्यावर येत नाही, तोवर यादी वेळेवर आली याचं कौतुक अपुरंच राहील.