वटवाघळांचा वड पाडू नका

वेशीवरच्या वडाला दिवसभर उलटी लोंबकळणारी शेकडो वटवाघळं आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली आहेत. आता रस्ते रुंद होतात, वड पडतात. त्यात कोरोनाच्या भीतीनं कुठे थवे हुसकावले गेले, कुठे मारलेही गेले.

भीती खरी आहे. पण जरा थांबू या.

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं तपासली. काहींच्या रक्तात निपाह या घातक विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली. म्हणजे विषाणूशी गाठ पडूनही ती जगली होती! कशी? शास्त्रज्ञांचा अंदाज असा: उडताना त्यांच्या शरीराची भट्टी इतकी पेटते, की पेशींतला डीएनए तुटतो. त्या प्रत्येक तुकड्यावर शरीर चवताळलं असतं, तर दाहानंच ती मेली असती. म्हणून त्यांच्यात 'स्टिंग' नावाच्या प्रथिनाची धोक्याची घंटा मंद झाली. विषाणूला आवरायचं, पण आपलंच घर पेटवायचं नाही.

आपल्या शरीराला हे जमत नाही. निपाह ज्या एफ्रिन प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, ते वटवाघूळ, डुक्कर, घोडा आणि माणूस यांच्यात जवळपास सारखंच. दार सगळ्यांचं उघडतं. पुढचं ज्याच्या-त्याच्या प्रतिकारशक्तीवर. मलेशियात १९९८-९९ मध्ये वटवाघळांकडून हा विषाणू डुकरांत गेला, डुकरांतून माणसांत, आणि शंभराहून अधिक माणसं दगावली.

मग वटवाघळं हटवायची का? ऑस्ट्रेलियाचा अनुभव उलटं सांगतो. तिथे हिवाळ्यात फुलणारी जंगलं तुटली, भुकेली वटवाघळं वस्त्यांकडे आणि घोड्यांच्या कुरणांकडे आली, आणि त्यांच्याकडून हेंड्रा विषाणू घोड्यांत शिरला. ज्या हिवाळ्यात जंगल भरभरून फुललं, त्या हिवाळ्यात ती रानाकडे परतली आणि लागण झाली नाही. पोटभर खाणारं, आपल्या झाडावर निवांत असलेलं वटवाघूळ आपल्यालाही सुरक्षित ठेवतं. शिवाय मोहाच्या फुलांचं परागीभवन आणि वड-उंबराच्या बिया दूरवर नेणं, हे कामही तीच करतात.

आपल्या हातात बरंच आहे. ट्रेकला गेलो तर गुहेत शेकोटी नको, फटाके नकोत. वटवाघळांनी उष्टावलेली फळं खायची नाहीत, माडी-ताडीचं मडकं झाकायचं, पडलेल्या वटवाघळाला उघड्या हातानं शिवायचं नाही. बांधावर उंबर, जांभूळ, मोह लावू या. आणि रस्त्याच्या कामाची यादी ग्रामसभेत आली, की आपण सगळे जाऊन विचारू या: यात आपला वड आहे का?