यादी भिंतीवर लावा!

मंडळी, ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. हसनाळ, रावणगावात पाणी शिरले. अशा वेळी शेतकऱ्याला सरकारी अनुदानाचाच आधार. पण ते कोणाकोणाला मिळाले, हे गावाला कळायला नको का?

आपल्याच मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत, अतिवृष्टीच्या अनुदानाचे कोट्यवधी रुपये बनावट नावांवर उचलल्याचे २०२५ मध्ये चौकशीत समोर आले. तलाठी निलंबित झाले. पैसा थेट खात्यात जातो, म्हणून गळती नाही, असे सांगतात. अहो, पण खाते कोणाचे, हे कोण बघणार? गाव बघेल! कोणाचे शेत कुठे आणि किती, हे गावाला तोंडपाठ असते.

कोणी म्हणेल, ही खासगी बाब, गावात भांडणे लागतील. आधार आणि खाते क्रमांक खुशाल झाका. नाव, गट क्रमांक, क्षेत्र, रक्कम एवढे पुरे. सातबारा कोणालाही बघता येतो, मग सरकारी तिजोरीतल्या पैशालाच पडदा कशाला? भांडणे तर लपवालपवीनेच जास्त लागतात.

माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याचे कलम ४ सांगते की अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागताच जाहीर करा. तेव्हा पैसे वाटून झाले की यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, ग्रामसभेत मोठ्याने वाचा. ज्याचे पीक खरेच वाहून गेले, त्याला आपले नाव वाचले जाण्याची भीती कशाची?